हकिमाने मागितलेली परीक्षा: नळदुर्ग, तंबाखू आणि घशाचा कॅन्सर

(ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. दोनदा बोललेलं गाळलं आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

किल्ल्यांवरचे भाग सुरू केल्यापासून आमच्या पट्ट्यातल्या श्रोत्यांची एकच तक्रार होती. सगळीकडे फिरताय, नळदुर्गावर कधी बोलणार? तर आज बोलतोय. पण तोफा, बुरूज आणि वेढे यांच्यावर नाही. आज विषय आहे घशाचा कॅन्सर. किल्ल्याचा आणि कॅन्सरचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो एका सुलतानाच्या काळापर्यंत मागे जातो. थोडा धीर धरा.

पाणीमहाल बांधला गेला ते दिवस

नळदुर्ग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत हा किल्ला येतो. तुळजापूर तालुका, बोरी नदी. नदी अडवून बांधलेलं दगडी धरण मुख्य किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांना जोडतं, आणि त्या धरणाच्या पोटात एक महाल आहे, तो पाणीमहाल. पावसाळ्यात धरण भरलं की ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे सुरू होतात. बाहेर पाणी कोसळत असतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. तिथल्या शिलालेखावरून हे काम हिजरी १०२२, म्हणजे १६१३ सालचं. विजापूरच्या गादीवर तेव्हा दुसरा इब्राहिम आदिलशहा होता. गाण्याचा वेडा, ‘किताब-ए-नवरस’ लिहिणारा, लोक ज्याला जगद्गुरू म्हणायचे तो.

याच इब्राहिमच्या राज्यात, पाणीमहालाच्या आठ-नऊ वर्षं आधी, मुघलांचा एक माणूस आला होता. त्याचं नाव असद बेग. अकबराने त्याला विजापूरला पाठवलं होतं. काम उरकून तो परत निघाला तेव्हा त्याच्या सामानात एक नवी वस्तू होती, तंबाखू. पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली होती, तिथून ती विजापुरात पोचली होती आणि तिथल्या बाजारात रुळली होती. असद बेग स्वतःच लिहून ठेवतो की असलं काही आपण आधी पाहिलं नव्हतं. त्याने चांगलीशी तंबाखू घेतली, एक रत्नजडित नळी तयार करून घेतली आणि आग्र्याला बादशहापुढे तबकात नेऊन ठेवली.

हे साल साधारण १६०४. म्हणजे उत्तर हिंदुस्थानात तंबाखू दरबारी मानाने गेली ती आपल्या दख्खनमधून, आपल्या आदिलशाहीतून. नळदुर्ग याच राज्याचा महत्त्वाचा सरहद्दीचा किल्ला होता.

आग्र्याच्या दरबारातला वाद

पुढचा प्रसंग मला फार आवडतो. अकबराने नळी तोंडाला लावली, एक-दोन झुरके घेतले. तेवढ्यात हकीम पुढे आला आणि त्याने थांबवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: हे औषध आहे म्हणता, पण आमच्या ग्रंथांत याचा गुणदोष कुणी लिहिलेला नाही, कुणी याची परीक्षा केलेली नाही. अशी वस्तू बादशहाने कशी घ्यावी?

असद बेग गप्प बसणारा नव्हता. तो म्हणाला, फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, त्यांनी बघूनच घेतली असेल. हकिमाने उत्तर दिलं की फिरंग्यांची चाल आपण परीक्षेशिवाय का उचलायची? त्यावर असद बेगचा शेवटचा मुद्दा: जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीनच होती. बादशहाला हा युक्तिवाद पसंत पडला. पण गंमत बघा, त्याने स्वतः काही ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र मागून मागून नेली, व्यापाऱ्यांनी बाजारात आणली आणि ती झपाट्याने पसरली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला. त्याचं काय झालं हे तुम्हाला सांगायला नको.

वादात असद बेग जिंकला. पण हकिमाचा मुद्दा तसाच राहिला होता. आपल्या माणसांवर, आपल्या सवयींवर याची परीक्षा कुणी केली आहे का? हा प्रश्न लक्षात ठेवा. साडेतीनशे वर्षांनी कुणीतरी त्याचं उत्तर दिलं, आणि ते मुंबईत परळला दिलं. तिकडे जाण्याआधी घसा म्हणजे काय ते समजून घेऊ.

घसा म्हणजे नेमकं कुठे?

आपण ‘घसा’ म्हणतो तेव्हा बोट गळ्याकडे दाखवतो आणि सगळं त्यात घालतो. डॉक्टर त्याचे तीन मुख्य मजले करतात. वरचा मजला म्हणजे तोंड संपल्यावर मागे दिसणारा भाग: टॉन्सिल, पडजीभ, जिभेचं मूळ. त्याच्या खाली, अन्ननलिका सुरू होण्याआधीचा अरुंद भाग, याला अधोग्रसनी म्हणतात. आणि पुढच्या बाजूला, हाताला लागतो त्या कंठमण्याच्या आत, स्वरयंत्र. त्यात दोन स्वरतंतू.

आता पाणीमहाल डोळ्यासमोर आणा. पाणी एका वाटेने जातं आणि आतली खोली कोरडी राहते. घशातही हेच चालतं. अन्न मागच्या वाटेने उतरतं, हवा पुढच्या वाटेने जाते, आणि घास गिळताना एक झडप हवेची वाट झाकते. ही रचना नीट चालते तोवर आपल्याला तिची आठवणही येत नाही.

हे मजले का सांगतोय? कारण कॅन्सर कुठल्या मजल्यावर सुरू झाला त्यावर तो कधी कळणार हे ठरतं. स्वरतंतूंवर ज्वारीच्या दाण्याहून लहान गाठ आली तरी आवाज बदलतो. म्हणून तिथला कॅन्सर पहिल्या टप्प्यात सापडू शकतो, आणि पहिल्या टप्प्यात सापडला तर किरणोपचाराने किंवा लेझरच्या लहान शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण बरे होतात, आवाजही वाचतो. अधोग्रसनीत मात्र जागा मोकळी असते. तिथली गाठ गिळायला अडथळा येईपर्यंत किंवा मानेत गुठळी दिसेपर्यंत गप्प राहते. म्हणजे घशाच्या एका भागाचा दुखणं लपवण्याचा स्वभाव आहे आणि दुसऱ्याचा लगेच बोंब मारण्याचा. बोंब मारणाऱ्याचंही ऐकलं नाही तर काय होतं ते पुढे येतंय.

गाणारा मास्तर आणि ९९ दिवसांचा सम्राट

शेकडो वर्षं जिवंत माणसाचं स्वरयंत्र कुणालाच नीट दिसत नव्हतं. आत अंधार, वळण, आणि काही घातलं की उलटी. ते पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका गाण्याच्या मास्तरने. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश गायक-शिक्षक. आवाज निघतो कसा या कुतूहलापोटी त्याने १८५४ मध्ये दाताच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याने हे मांडलं. आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षांत मेडोज टेलर नळदुर्गात बसून जिल्ह्याचा कारभार बघत होता. १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांकडे सोपवलेल्या मुलखात नळदुर्ग होतं, आणि हे तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण होतं. आज कान-नाक-घशाचा डॉक्टर दुर्बीण घालतो त्या तपासणीचं मूळ गार्सियाच्या आरशात आहे.

आरसा आला म्हणजे कॅन्सर सापडलाच असं मात्र नाही. १८८७ च्या जानेवारीत जर्मनीच्या युवराजाचा, फ्रेडरिकचा, आवाज बसला. पाइपचा शौकीन माणूस. जर्मन डॉक्टरांना स्वरतंतूवर गाठ दिसली, त्यांना कॅन्सरचा संशय आला, शस्त्रक्रियेची तयारी झाली. इंग्लंडहून मोरेल मॅकेन्झी या नामांकित घसातज्ज्ञाला बोलावलं. त्याने गाठीचा तुकडा काढला आणि तो फिर्खोकडे, त्या काळच्या सगळ्यात मोठ्या विकृतितज्ज्ञाकडे, पाठवला. त्या तुकड्यात कॅन्सर आढळला नाही. शस्त्रक्रिया थांबली. महिने गेले. १८८८ च्या फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं. मार्चमध्ये तो सम्राट झाला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, चिठ्ठ्या लिहून तो कारभार करायचा. १५ जूनला तो गेला. एकूण राज्य ९९ दिवसांचं.

यातून डॉक्टरांनी एक गोष्ट शिकली: एका तुकड्यात काही निघालं नाही म्हणून संशय सोडायचा नाही, आवाज बसलेलाच राहिला तर पुन्हा तपासायचं. आपण सामान्य माणसांनी शिकायची गोष्ट वेगळी आहे. सम्राटालासुद्धा सगळ्यात आधी आवाजानेच सांगितलं होतं.

परळ, १९५५

आता हकिमाच्या प्रश्नाकडे येऊ. १९४१ च्या फेब्रुवारीत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. हॉस्पिटलात देशभरातून रुग्ण यायचे आणि खानोलकरांना एक गोष्ट सतत खटकत होती. युरोपातल्या पुस्तकांत तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर एका कोपऱ्यात असायचा, इथे मात्र वॉर्डच त्याने भरलेले. असं का? हवामान? जात? आहार? की सवय?

सवयीचा संशय जुना होता. १९३३ मध्ये ऑर नावाच्या डॉक्टरांनी त्रावणकोरमध्ये विडा-तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाच्या कॅन्सरवर लिहिलं होतं. पण संशय वेगळा आणि परीक्षा वेगळी. ती परीक्षा एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी केली आणि १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली.

पद्धत सांगायला सोपी आहे. ज्यांना तोंडाचा, घशाचा किंवा अन्ननलिकेचा कॅन्सर आहे अशांची एक यादी करायची. ज्यांना तो नाही अशांची दुसरी. दोघांनाही सारखेच प्रश्न विचारायचे. तंबाखू खाता का? विडी ओढता का? दोन्ही? मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. सवय निरुपद्रवी असेल तर ती दोन्हीकडे सारखी दिसेल. ती सारखी दिसली नाही. रुग्णांत तंबाखूवाले कितीतरी जास्त निघाले.

पण या कामाची खरी गंमत पुढे आहे. त्यांनी मजल्यानुसार हिशोब केला. तंबाखू चघळणाऱ्यांत कॅन्सर ठळकपणे तोंडात दिसला, म्हणजे गाल, हिरडी, जिथे गोळी धरतात तिथे. विडी ओढणाऱ्यांत तो खाली सरकला, जिभेच्या मुळाकडे आणि घशात. आणि जे खातही होते, ओढतही होते, त्यांना सगळ्यात जास्त धोका. म्हणजे सवय जिथे लागते तिथेच दुखणं उठतं. युरोपात तेव्हा सिगारेट आणि फुप्फुस यांवर संशोधन चाललं होतं. इथे आपल्या माणसांनी आपल्या विडीवर, आपल्या चंचीतल्या तंबाखूवर आणि आपल्या घशावर परीक्षा घेतली.

१९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली. १९७७ मध्ये कस्तुरी जयंत, संघवी, जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक हिशोब छापला. प्रश्न असा, की लोकांनी तंबाखू खाल्लीच नसती आणि विडी ओढलीच नसती, तर घशाचे किती कॅन्सर टळले असते? उत्तर होतं: घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरपैकी बहुसंख्य.

विडीचा पान आणि सोलापूरचे हात

इथे थोडं थांबून विडीबद्दल. “सिगारेट वाईट, विडी आपली देशी, पानाची” हे मी लहानपणापासून ऐकत आलो. विडीत तंबाखू कमी असते हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं हवा आत घेत नाही, विडी सारखी विझते, म्हणून ओढणारा पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढतो. शेवटी डांबर आणि निकोटिन आत जायचं ते जातंच.

आणि विडी वळणारे हात आपल्या शेजारीच आहेत. सोलापुरात पिढ्यान् पिढ्या हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. तंबाखूची धूळ त्यांच्या घरात, अंथरुणात असते. विडी संपली पाहिजे असं म्हणणाऱ्याने या बायकांच्या चुलीचं काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. हजाराच्या हिशोबाने मिळणाऱ्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला दुसरं काम मिळाल्याशिवाय ती सुपली खाली ठेवणार नाही. या विषयावर एक वेगळा भाग करायचा आहे.

आपल्या भागात तरीही धुरापेक्षा चघळणंच जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं निघालं. धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, आणि बायकांची मिश्री. मिश्री कित्येक घरांत व्यसनात धरतच नाहीत. तव्यावर भाजलेली तंबाखू, ‘दात घासायला’ म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून पाच वेळा दात घासावे लागतात! सुपारीही निर्दोष नाही. नुसत्या सुपारीने, तंबाखूशिवायही, कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. सुपारी आणि गुटख्याने तोंड आखडतं, दोन बोटंही आत जात नाहीत, तो पुढच्या धोक्याचा पहिला इशारा असतो. आणि तंबाखूच्या जोडीला दारू असली की धोका नुसता वाढत नाही, गुणिला होतो.

आपल्या जिल्ह्याने जगाला दिलेलं उत्तर

मुंबईत परीक्षा झाली, पण खेड्यांचं काय? याचं उत्तर नळदुर्गहून तुळजापूर ओलांडून पुढे गेलं की बार्शीला सापडतं. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने, टाटा मेमोरियलच्या मदतीने, १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती. परांडा आणि भूम म्हणजे आपलाच जिल्हा.

शहरात नोंदणी करायची तर हॉस्पिटलचे कागद गोळा केले की झालं. खेड्यात कागदच नव्हते. माणूस घरीच दुखणं काढायचा आणि घरीच जायचा. म्हणून डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यकर्ते गावोगाव पाठवले. ते पारावर बसले, लोकांना लक्षणं समजावून सांगितली, कुणाला असं काही होतंय का विचारलं आणि ज्यांना होतंय त्यांना तपासणीला नेलं. काम होतं नोंदणीचं. पण काही वर्षांत एक वेगळीच गोष्ट दिसली. बायकांमधला गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला होता. नवं यंत्र आलं नव्हतं. लोकांशी नीट बोलणं झालं होतं, एवढंच.

मग १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गावांत एचपीव्ही या विषाणूची एकदाच चाचणी, काहींत इतर तपासण्या, काहींत फक्त माहिती. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू, चाचणी न झालेल्या, आकाराने थोड्या लहान गटात ६४. ज्यांची चाचणी केली नाही त्या बायकांबद्दल नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. पण आज जगभर या चाचणीचा पुरस्कार होतो त्यामागे आपल्या जिल्ह्यातल्या बायका आहेत.

याचा घशाशी संबंध? आहे. हाच एचपीव्ही, विशेषतः त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सरही घडवतो. युरोप-अमेरिकेत तंबाखू न घेणाऱ्यांतही हा कॅन्सर वाढला आहे तो यामुळे. आपल्याकडे आजही मोठा आरोपी तंबाखूच आहे, पण ‘मी काहीच खात नाही, मला कसला घशाचा कॅन्सर’ असं निश्चिंत राहू नये. या विषाणूवर लस आहे, पुण्यात बनलेलीसुद्धा.

फेब्रुवारी आणि मार्च २०१५

१६ फेब्रुवारी २०१५ ला आर. आर. पाटील गेले. आबा. ग्रामस्वच्छता अभियान गावागावांत नेणारा, राज्याचं गृहखातं सांभाळलेला माणूस, तोंडाच्या कॅन्सरने सत्तावन्नाव्या वर्षी गेला. त्यांची तंबाखूची सवय साऱ्या महाराष्ट्राला माहीत होती. शरद पवारांनी २००४ मध्ये याच दुखण्यातून उठून पुढे जाहीर सभांत तंबाखूविरुद्ध बोलायला सुरुवात केली होती. राज्याने २०१२ मध्ये गुटखाबंदी केली. २००२ ची आधीची बंदी न्यायालयात टिकली नव्हती. ही टिकली, निदान कागदावर. महामार्गावर गुटख्याचे टेम्पो पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आणि आबा जाऊन दीड महिना होत नाही तोच दिल्लीहून एक विधान आलं. तंबाखूच्या पाकिटांवरचं इशाऱ्याचं चित्र ८५ टक्के जागेवर छापायचं ठरलं होतं. संसदेच्या संबंधित समितीने ते पुढे ढकलायला सांगितलं, आणि समितीचे अध्यक्ष, नगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखूने कॅन्सर होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, जे आहेत ते परदेशातले.

ऐकल्यावर मला आग्र्याचा हकीम आठवला. मुद्दा तोच: आपल्याकडची परीक्षा दाखवा. १६०४ मध्ये तो मुद्दा अगदी रास्त होता, कारण परीक्षा झालीच नव्हती. २०१५ मध्ये ती होऊन साठ वर्षं झाली होती, तीही त्यांच्याच राज्याच्या राजधानीत. देशभर ओरड झाली आणि १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के चित्र आलं. पण विचार करा, साठ वर्षांचं ज्ञान संसदेपर्यंत पोचलं नव्हतं, तर ते नळदुर्गच्या पानटपरीपर्यंत कसं पोचणार?

“घसा बसलाय, होईल बरा”

आमच्या भागात आवाज बसण्याला कारणं फार. खंडोबाच्या यात्रेत रात्रभर जागरण घालणारे वाघ्या-मुरळी, तुळजापूरचे गोंधळी, भजनी मंडळं, शाळेचे मास्तर, भाजीवाले. कुणाचा ना कुणाचा गळा बसलेलाच. त्यामुळे खराखुरा धोक्याचा आवाज त्यात हरवून जातो.

माझे एक चुलते अडत दुकानावर सौदे पुकारायचे. खणखणीत आवाज, खिशात कायम चंची. एका दिवाळीनंतर तो आवाज घोगरा झाला. ओरडून घसा बसलाय, सगळे म्हणाले. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गोळ्या झाल्या. संक्रांतीला उजवा कान दुखायला लागला, मग कानात थेंब. घशातल्या दुखण्याची कळ कानात उठते हे तेव्हा घरात कुणाला माहीत असणार? शिमग्याला मानेत सुपारीएवढी गाठ लागली तेव्हा त्यांना सोलापूरला नेलं. तोवर स्वरयंत्र वाचवण्यासारखं राहिलं नव्हतं. ते काढलं. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, गळ्यावरच्या भोकातून श्वास घेत. तिथे बसवलेल्या झडपेमुळे बोटाने भोक दाबून ते बोलायचे, हळू, एकेक शब्द. बाजारात गेले की मात्र बोलायचे नाहीत, नुसते बघत उभे राहायचे.

अशा झडपा पूर्वी परदेशी आणि महाग असायच्या. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची झडप साधारण पन्नास रुपयांत तयार केली, हे मुद्दाम सांगतो. स्वरयंत्र गेलं म्हणजे बोलणं कायमचं संपलं असं नाही. त्या भीतीने शस्त्रक्रिया टाळू नका. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, दवाखान्यात आधी तेच विचारा.

तर शेवटी हिशोब लक्षात ठेवायचा तो तीन आठवड्यांचा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, गिळताना अडकतंय किंवा एकाच बाजूला दुखतंय, एकच कान ठणकतोय आणि कानात काही सापडत नाही, मानेत गाठ आहे, थुंकीत रक्त येतंय, तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा जखम भरत नाही, कारण नसताना वजन उतरतंय. यातलं एक जरी असलं तरी काढा थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. “दुर्बिणीने स्वरतंतू बघा” असं स्वतः म्हणा. पाच मिनिटांचं काम असतं. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. निघू दे की!

आणि तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. वीस वर्षं खाल्ली, आता सोडून काय उपयोग, असं म्हणू नका. सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो, आणि उपचार चालू असताना सोडली तरी उपचार जास्त चांगले लागू पडतात.

पाणीमहाल बघायला याच. पावसाळ्यात या, नर-मादी वाहत असताना. पुढच्या भागात सोलापूरच्या विडी कामगार बायकांवर बोलू. तोपर्यंत घरात कुणाचा आवाज बसला असेल तर त्यांना एवढंच विचारा, कधीपासून? आणि कॅलेंडरवर मोजा. येतो.